कुमारी हिल्डा मॅथेसन

नभोवाणीवर बोलणें व सभेंत व्याख्यान देणें ह्या अगदीं भिन्न कला होत. हें ज्यांनीं आरंभींच ओळखिलें त्यांत कुमारी हिल्डा मॅथेसन यांस अग्रस्थान द्यावें असें आम्हांस वाटतें.

लंडनमधील एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या घरीं १८८८ सालीं त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें इतिहासाचें अध्ययन करून पुढें त्या लेडी ॲस्टर, म्हणजे पार्लमेंटांत बसलेल्या पहिल्या स्त्री-सभासद, यांच्या चिटणीस झाल्या. १९२६ सालीं त्या बी. बी. सी. मध्यें आल्या व दुसऱ्याच वर्षीं भाषणविभागाच्या मुख्य झाल्या.

त्या काळीं वक्ते ध्वनिक्षेपकापुढें जणूं हजारोंच्या समुदायास संबोधीत. श्रोता मात्र आपल्या घरीं खुर्चीवर एकटाच बसलेला असे! बाई बोजड वाक्यें सुटसुटीत करवीत व वक्त्यांकडून तालीम करून घेत. (मोठ्या वर्गांत आवाज चढविणाऱ्या आम्हां शिक्षकांस हें वाचून थोडें ओशाळल्यासारखें होतें.)

१९२८ मध्यें इंग्लंडांत २१ वर्षांवरील सर्व स्त्रियांस मताधिकार मिळाला. पण पार्लमेंटांत काय चालतें हें घरकामांत गुंतलेल्या स्त्रीस कोण सांगणार? १९२९ मध्यें मॅथेसनबाईंनीं स्त्री-सभासदांकडूनच तो साप्ताहिक वृत्तांत सांगविण्यास प्रारंभ केला. वेळही गृहिणींस चहापुरती उसंत मिळे अशी, सकाळची, निवडली.

पुढें नव्या वाङ्मयावरील भाषणांवरून मुख्याधिकारी सर जॉन रीथ यांच्याशीं त्यांचा बेबनाव झाला. भाषणांस लागणारी कात्री त्यांस मान्य होईना. १९३१ सालीं त्यांनीं ती मानाची जागा सोडली. १९४० च्या ऑक्टोबरांत, वयाच्या ५२ व्या वर्षीं, शस्त्रक्रियेनंतर त्या निवर्तल्या. पार्लमेंटचा तो साप्ताहिक वृत्तांत मात्र बी. बी. सी. वर अजून चालूं आहे.