कावसजी

कावसजी हे इ.स.च्या अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर बैल हाकण्याचे काम करणारे मराठी शेतकरी होते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तेथे त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळील एका कारागिराने त्यांच्या कपाळाच्या कातडीपासून नवे नाक तयार केले. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून युरोपातील शल्यविशारदांनी ही पद्धत स्वीकारली. त्यामुळे आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजी यांचे नाव कायमचे नोंदले गेले.

पार्श्वभूमी

तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध १७९० ते १७९२ या काळात झाले. टिपू सुलतानाविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि हैदराबादचा निजाम एकत्र आले होते. पेशव्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे सरदार मोहिमेवर होते. परशुरामभाऊंचे ठाणे तासगाव येथे होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याला हे गाव लागून आहे. कृष्णाकाठच्या या मुलखातून कर्नाटकात उतरलेल्या मराठी फौजांनी कंपनीच्या मुंबईकर तुकडीसह धारवाडला वेढा घातला व एप्रिल १७९१ मध्ये ते ठाणे घेतले.

त्या काळातील युद्ध बैलांवर चालत असे. तोफा ओढणे, दाणागोटा, दारूगोळा व तंबू वाहून नेणे ही सर्व कामे बैलांकडून करून घेतली जात. बैलांची रांग तुटली, तर फौज जागच्या जागी अडकून पडे. यामुळे शत्रूची रसद तोडणे हा टिपूच्या युद्धनीतीचा महत्त्वाचा भाग होता. बैल हाकणारे लोक शस्त्रधारी शिपाई नसत, तरी सर्वाधिक धोका त्यांनाच असे. फौजेच्या मागेपुढे विखुरलेल्या अशा माणसांवर टिपूचे घोडदळ अचानक छापे घाली.

कैद व शिक्षा

लंडनच्या मासिकातील वृत्तांतात कावसजी यांचा उल्लेख शेतकरी जातीचे मराठा असा केला आहे. १७९२ च्या युद्धात ते इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकत होते. टिपूच्या कैदेत पडल्यावर त्यांचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत ते श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या सैन्याला येऊन मिळाले. मार्च १७९२ मध्ये तह होऊन युद्ध थांबले. पुढे कावसजी यांना कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळू लागले.

नाक कापणे ही भारतात प्राचीन काळापासून ज्ञात असलेली शिक्षा होती. तिचा हेतू जीव घेण्याचा नसून माणसाला आयुष्यभर लोकांत तोंड दाखवणे अवघड करण्याचा होता. रामायणातील शूर्पणखेची कथा सर्वपरिचित आहे. मराठीत नाक कापले जाणे, नाक राखणे, नाक वर करून चालणे हे सर्व वाक्प्रचार अब्रूशी जोडलेले आहेत. हात गेल्याने कावसजी यांच्या कष्टाच्या कामावर गदा आली, तर नाक गेल्याने समाजातील वावरावर. हात परत मिळणे शक्य नव्हते. नाकाच्या बाबतीत मात्र उपाय होता.

पुण्यातील शस्त्रक्रिया

कावसजी सुमारे बारा महिने नाकाविना राहिले. त्यानंतर पुण्याजवळ राहणाऱ्या, वीट करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यांना नवे नाक बसवले. ही शस्त्रक्रिया १७९३ च्या पूर्वार्धात झाली. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. भारतात ती दुर्मिळ नसून फार पूर्वीपासून केली जाते, असे वृत्तांतात नमूद आहे.

शस्त्रक्रियेची पद्धत पुढीलप्रमाणे होती. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून तिला नाकाचा आकार देण्यात येई. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवत व तिच्या कडेने रेघ आखत. रेघेच्या आतील कातडी सोडवून घेतली जाई. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक अरुंद देठ न कापता ठेवला जाई. नवे नाक मूळ जागी जुळून येईपर्यंत या देठातून त्याला रक्तपुरवठा होत असे.

यानंतर जुन्या नाकाच्या जागेवरील व्रण खरवडून काढत व त्याच्या लगत, नाकपुड्यांभोवतून वरच्या ओठापर्यंत एक छेद घेत. कपाळावरील कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली जाई व तिच्या कडा या छेदात बसवल्या जात. सांधा टिकावा म्हणून पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवत. चार दिवस दुसरी कोणतीही मलमपट्टी नसे. त्यानंतर त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावत. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घालत. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून नाकाला शेवटचा आकार दिला जाई.

शरीर बधिर करणारी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. ईथरचा शस्त्रक्रियेतील जाहीर वापर १८४६ मध्ये झाला. त्यामुळे ही सर्व काटछाट रुग्णाला पूर्ण शुद्धीत सोसावी लागे.

सुश्रुत परंपरेशी संबंध

सुश्रुतसंहितेत कापलेले नाक जोडण्याचा विधी आलेला आहे. त्यात वेलीच्या पानाने नाकाचे माप घेऊन गालाची कातडी सोडवावी, ती नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. पुण्याच्या पद्धतीत पानाऐवजी मेण आणि गालाऐवजी कपाळ वापरले आहे. माप घेणे, देठ राखणे व नाकपुड्या उघड्या ठेवणे ही तत्त्वे दोन्हींत समान आहेत. अठराव्या शतकात हे कौशल्य ग्रंथ शिकलेल्या वैद्यांपेक्षा वीट व माती हाताळणाऱ्या कारागिरांकडे टिकून होते, ही बाब इतिहासकारांनी विशेष महत्त्वाची मानली आहे.

चित्र व प्रसिद्धी

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी जानेवारी १७९४ मध्ये कावसजी यांचे चित्र काढले. तेव्हा शस्त्रक्रियेला सुमारे दहा महिने झाले होते. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रेही याच वेल्स यांनी पुण्यात काढली होती. त्यामुळे पेशवाईचे सूत्रधार आणि एक बैल हाकणारा शेतकरी हे एकाच चित्रकाराच्या कुंचल्यातून आजपर्यंत टिकून राहिले. या चित्रावरून कोरीव ठसा तयार करण्यात आला. 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये बी. एल. या आद्याक्षरांनी आलेल्या पत्रासोबत कावसजी यांचा चेहरा व शस्त्रक्रियेच्या आकृत्या छापल्या गेल्या.

युरोपातील परिणाम

इटलीतील गास्पारे ताग्लियाकोझ्झी यांनी १५९७ मध्ये दंडाच्या कातडीपासून नाक तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात रुग्णाचा हात अनेक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. पुढे युरोपात ही पद्धत मागे पडली. पुण्याचा वृत्तांत वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू (१७६४–१८४६) यांनी मृतदेहांवर सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. दुसरा रुग्ण अल्बुएराच्या लढाईत जखमी झालेला अधिकारी होता. या दोन्ही यशस्वी शस्त्रक्रियांवरील कार्प्यू यांचे पुस्तक १८१६ मध्ये निघाले. जर्मनीत कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या कातडीचा वापर करणारी ही पद्धत 'भारतीय पद्धत' या नावाने रूढ झाली.

वारसा

अपघात किंवा कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांसाठी कपाळाच्या कातडीचा वापर आजही केला जातो. तिचा रंग व पोत नाकाशी जुळतो, हे त्याचे मुख्य कारण आहे.

पुढे चेहऱ्याच्या हाडांवरही शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १८४९ मध्ये अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी भाजल्याच्या व्रणामुळे जबडा लांबलेल्या एका तरुणीच्या हाडाचा काही भाग काढून तो आखूड केला. विसाव्या शतकात हनुवटी आखूड करण्याची शस्त्रक्रिया विकसित झाली. तिच्यात तोंडाच्या आतून छेद घेऊन, दातांच्या मुळांखाली हनुवटीचे हाड आडवे कापतात. मधली चकती काढून खालचा तुकडा वर सरकवतात आणि पट्टी व स्क्रूंनी बसवतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जपावी लागते. सुटा केलेला हाडाचा तुकडा जगावा म्हणून त्याला चिकटलेले स्नायू व ऊती तशाच राखतात. कावसजी यांच्या कपाळावर राखलेल्या देठामागील तत्त्वही हेच होते.

नाव व ओळख

कावसजी हे नाव पारशी समाजात प्रचलित आहे. वृत्तांतात मात्र त्यांना मराठा म्हटले आहे. इंग्रजी लेखनात या नावाची एकाहून अधिक रूपे आढळतात. नाक बसवणाऱ्या कारागिराचे नाव मासिकातील वृत्तांतात दिलेले नाही. त्याची ओळख केवळ जातीने आणि गावाने नोंदवली आहे. रुग्ण, चित्रकार आणि ही शस्त्रक्रिया पाहणारे इंग्रज अधिकारी यांची नावे इतिहासात राहिली. ज्याच्या हातून हे काम झाले, तो पुण्याजवळचा वीट करणारा एवढीच त्याची नोंद उरली आहे.