विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्ग-अभ्यासक होते. दख्खनमधील गोड्या पाण्यातील माशांचे पहिले सविस्तर शास्त्रीय वर्णन त्यांनी केले. पक्षी-अभ्यासकांना त्यांचे नाव साइक्सच्या चंडोलामुळे परिचित आहे. महाराष्ट्रातील नद्यांत जाळ्यात आलेला अपरिचित मासा कोणता, हे ठरविताना मात्र आजही त्यांच्या मत्स्यविषयक लेखनाकडेच वळावे लागते.

जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, १८०३ साली, ते कंपनीच्या लष्करी सेवेत दाखल झाले. १८०५ मधील भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे पेशव्यांविरुद्धच्या युद्धात त्यांनी खडकी व पुणे येथील लढायांत देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. ज्या मुळा-मुठेच्या परिसरात १८१७ साली ते लढले, त्याच नद्यांतील मासे काही वर्षांनी त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले.

काही वर्षे युरोपात प्रवास करून ते १८२४ मध्ये परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सरकारी सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, शेती, जमीनधारा, हवामान, वजने-मापे अशा सर्व बाबींची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम होते. पशुपक्ष्यांच्या नोंदी त्याच फिरतीत झाल्या. १८२९ च्या अखेरीस हे पद रद्द झाले, तरी रजा घेऊन त्यांनी काम पुढे चालू ठेवले व १८३१ मध्ये ते मायदेशी परतले. १८३४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे कंपनीचे संचालक व १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे संसद-सदस्य, अशी पदे त्यांनी भूषविली. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

प्राणी व पक्षी

दख्खनमधील सस्तन प्राण्यांची त्यांची सूची १८३१ साली व पक्ष्यांची १८३२ साली प्रसिद्ध झाली. कोळसून या रानकुत्र्याला त्यांनी दिलेले ‘दुखुनेन्सिस’ हे नाव ‘दख्खनचा’ या अर्थाचे आहे. दख्खन हा शब्द ते इंग्रजीत ‘दुखुन’ असा लिहीत.

दख्खनचे मासे

मत्स्यविषयक निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे सादर होऊन १८३९ मध्ये संक्षेपाने आणि १८४१ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्यात ४६ जातींची वर्णने आहेत. भीमेवरील पेडगाव, पुण्याजवळची मुळा-मुठा, शिरूरजवळची घोड व इंद्रायणी ही त्यांची मासे मिळविण्याची प्रमुख स्थळे होती.

या निबंधाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे नावे. साहेबी मित्रांच्या सन्मानार्थ काही नावे आहेतच. परंतु अनेक ठिकाणी साइक्स यांनी स्थानिक लोकांचे मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून नोंदविले. शिंगटीचे ‘सींगटी’, मळ्याचे ‘मुल्या’, घोगऱ्याचे ‘गोगरा’ झाले. ‘रोहटी’ हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव ठरले. आज ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जाणारा महासीर याच निबंधातला. १९७० च्या दशकापासून लोणावळा येथे त्याचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले. इंद्रायणीतील एका माशाच्या तोंडावर शिंगांसारखे उंचवटे असतात. त्याचे मराठी नाव साइक्स यांनी ‘नुक्ता’ असे लिहून घेतले. चोचीवर कंगोरा असलेल्या बदकालाही नकटा म्हणतात, हे येथे आठवते. एकंदरीत ही नावे टिपणाऱ्याची असली, तरी माशांची पहिली ओळख पटविणारे भोई व कोळीच होते.

पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाला त्यांनी इंग्रज निसर्गतज्ज्ञ विल्यम यॅरेल यांचे नाव दिले. तो आज ‘बगॅरियस यॅरेली’ होय. खाली वळलेले रुंद तोंड, चामड्यासारखी खरखरीत त्वचा व दुभंगलेली शेपटी यांमुळे याचे पिल्लू प्रथमच पाहणाऱ्यास तो लहानसा शार्क वाटू शकतो. खादाडपणामुळे ‘गोड्या पाण्यातील शार्क’ हे नावही त्यास मिळाले. ‘वॅलॅगो’ या दुसऱ्या माशालाही हेच नाव दिले जाते, त्यामुळे गोंधळ वाढतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो व डोक्याच्या दोन्ही बाजूंस सामान्यतः कल्ल्यांच्या पाच-पाच उघड्या फटी दिसतात. बगॅरियसला हाडांचा सांगाडा, कल्ल्यांवर एकच झाकण आणि तोंडाभोवती मिशा असतात. तो शार्क नसून मार्जारमीन आहे.

साइक्स यांची पाहणी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्याच्या बाजूला, पोहोचली नव्हती. तथापि वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता गोदावरीस मिळते, त्यामुळे या खोऱ्यातील मत्स्यसूचींतही त्यांनी दिलेली नावे आढळतात.

नावांचे वाद

साइक्स यांनी वर्णिलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरतात ती त्रोटक वर्णने व चित्रे. याचा मोठा फटका घोड नदीतील ‘मुस्सुल्ला’ माशाला बसला. कावेरीतील प्रचंड, कुबडधारी महासीराला अनेक दशके हेच नाव लावले जात होते. २०१३ मध्ये संशोधकांनी मुस्सुल्लासाठी नवा आधारनमुना निश्चित केला आणि तो महासीर नसून वेगळ्याच प्रजातीतील मासा असल्याचे मांडले. कावेरीचा अतिसंकटग्रस्त महासीर त्यानंतर नावाविना राहिला. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे दाखविण्यात आले. संरक्षित यादीत मासा त्याच्या शास्त्रीय नावानेच नोंदविला जातो, त्यामुळे हा वाद केवळ पुस्तकी नव्हता.