जड टोकाचा बाण आणि डॉ. पोप

मारेगाव, वणी, झरी-जामणी या पट्ट्यात कापसाची उलंगवाडी झाली की रिकाम्या वावरात पोरांचे तीरकमठे निघतात. बांबूच्या कामटीचे धनुष्य, सुतळीची दोरी आणि ज्वारीच्या धांड्याचा बाण. नुसता धांडा सोडला तर तो हवेत कोलांट्या खात दहा पावलांवर आडवा पडतो. त्याच्या पुढच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा थापला की तोच धांडा सरळ जातो. पोरांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पण बाणाचे पुढचे टोक जड का असावे, तो शरीरात किती खोल जातो आणि तेथे नेमके काय करतो, हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका सर्जनला पडले. त्यांचे नाव डॉ. सॅक्स्टन पोप. आज जगभरातले पारंपरिक धनुर्धर त्यांना आपला गुरू मानतात. पोप यांचा गुरू मात्र त्यांचा स्वतःचा रुग्ण होता.

पोप यांचा जन्म 1875 मध्ये टेक्सासमधला. वडील लष्करात डॉक्टर होते, त्यामुळे बालपण लष्करी ठाण्यांवर गेले. 1899 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी वॉटसनव्हिल या लहान गावात काही वर्षे प्रॅक्टिस केली. 1912 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकवायला आले. रुग्णालयाला लागूनच विद्यापीठाचे मानववंशशास्त्राचे संग्रहालय होते आणि तेथे इशी राहत होते.

इशी हे याही या आदिवासी जमातीतले शेवटचे गृहस्थ. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोंढे आले, तेव्हा काही दशकांत या जमातीची अक्षरशः कत्तल झाली. उरलेले मूठभर लोक डोंगरात लपून राहिले आणि एकेक करून गेले. ऑगस्ट 1911 मध्ये ऑरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी उपाशी, थकलेले इशी लोकांना सापडले. वय पन्नाशीच्या आसपास. आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना संग्रहालयात आणले. आपले खरे नाव त्यांनी कधीच सांगितले नाही. इशी म्हणजे त्यांच्या भाषेत फक्त माणूस.

पोप त्यांचे डॉक्टर झाले आणि लवकरच शिष्यही. इशी धनुष्य कसे तासतात, दगड कसा घडवतात, हरणाच्या मागे किती वेळ न हलता बसतात, हे पोप बघत राहिले, हाताने करत राहिले आणि लिहून ठेवत राहिले. 1914 मध्ये इशी, क्रोबर आणि पोप डोंगरातल्या त्या जुन्या मुलखात जाऊन आले. सोबत पोप यांचा लहान मुलगाही होता.

इशींचा बाण साधा एका काडीचा नव्हता. मागचा लांब भाग हेझल या झुडपाच्या हलक्या, सरळ फांदीचा. त्याच्या पुढे जड, टणक लाकडाचा वीतभर तुकडा खोचून स्नायूच्या दोऱ्याने घट्ट बांधलेला आणि त्यावर काचेसारख्या काळ्या दगडाचे धारदार पाते. म्हणजे वजन पुढे, पिसे मागे. वेताच्या किंवा बोरूच्या काडीपुढे टणक लाकूड जोडण्याची ही रीत जगात अनेक ठिकाणी आढळते.

यामागचे विज्ञान सोपे आहे. बाण हवेत फिरतो तो आपल्या गुरुत्वमध्याभोवती. हवेचा मागे ओढणारा जोर मुख्यतः पिसांवर पडतो. गुरुत्वमध्य जितका पुढे, तितकी पिसांची तरफ लांब, आणि बाण वाकडा झाला तर तितक्या लवकर सरळ होतो. शरीरात शिरतानाही हेच उपयोगी पडते. टोक अडखळले की मागचे वजन पुढे ढकलते आणि काडी मध्येच वाकते. वाकण्यात ताकद वाया जाते. वजन टोकातच असेल तर काडी कमी वाकते आणि बाण सरळ आत जातो.

आजच्या कार्बनच्या बाणांत हीच युक्ती नव्या साहित्याने होते. कार्बनची नळी फार हलकी असते. तिच्या पुढच्या तोंडात पितळेचा किंवा पोलादाचा तुकडा बसवतात किंवा जड पाते लावतात. हिशेब असा: 30 इंची बाणाचा मध्य 15 इंचांवर. बोटावर तोलल्यावर तो मध्याच्या 3 इंच पुढे समतोल राहिला तर पुढचे वजन 10 टक्के, 6 इंच पुढे राहिला तर 20 टक्के. बाणाचे एकूण वजन वाढल्याने वेग थोडा घटतो, पण संवेग वाढतो. समजा, 30 ग्रॅमचा बाण सेकंदाला 55 मीटर वेगाने गेला आणि त्याच धनुष्यातून 40 ग्रॅमचा बाण 49 मीटर वेगाने गेला, तर दुसऱ्याचा संवेग सुमारे 19 टक्के जास्त भरतो. मात्र अतिरेक येथेही नडतो. पुढे वजन वाढवले की धनुष्यातून सुटताना काडी जास्त वाकते, म्हणून तिच्यासाठी ताठ नळी निवडावी लागते. शिवाय संथ बाण लांबवर लवकर खाली येतो.

पोप यांच्या काळी कार्बनच्या नळ्या नव्हत्या, पण मोजण्याची सवय होती. संग्रहालयातली जगभरची धनुष्ये वापरून त्यांनी बाणांचे अंतर मोजले. प्राण्याच्या कातड्याने झाकलेल्या खोक्यात यकृत भरून, दगडी आणि पोलादी पात्यांपैकी कोणते खोल जाते ते पाहिले. मऊ शरीरात दगडी पाते पोलादापेक्षा खोल गेले. संग्रहालयातले एक जुने साखळी चिलखत घालून समोर उभे राहायला तिथला एक सेवक तयार झाला होता. पोप यांनी ते खोक्याला घातले. पोलादी टोकाचा बाण चिलखत भेदून गेला. हे सारे 1923 मध्ये पुस्तकरूपाने आले.

सर्जन म्हणून त्यांना एक गोष्ट पक्की कळली. गोळीचा आघात बाणाला नसतो. बाण मारतो तो रक्तस्रावाने. तो खोल गेला आणि मोठी रक्तवाहिनी, फुप्फुस किंवा हृदय कापले गेले तर प्राणी लवकर मरतो. वरवर शिरला तर जखम पिकते आणि तो दिवसेंदिवस तडफडतो. पुढच्या वजनाची चर्चा आजही या तडफडीशीच जोडलेली आहे. पोप पुढे अस्वलांच्या आणि आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीलाही गेले. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे.

पण माणसाला बाण लागण्याचे प्रसंग येऊ शकतात आणि तेव्हा हे ज्ञान कामाचे आहे. जोडकाडीच्या बाणाची मागची काडी ओढली की हातात येते आणि टोक आतच राहते. कधी रुतलेला बाणच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असतो आणि तो उपसला की रक्ताची धार लागते. म्हणून बाण असो, सळई असो वा चाकू, घुसलेली वस्तू जागेवर ओढायची नाही. ती हलू नये म्हणून भोवती कापडाच्या घड्या घट्ट बांधायच्या आणि रुग्णाला तसेच रुग्णालयात न्यायचे. शल्य या शब्दाचा एक मूळ अर्थ शरीरात रुतलेले बाणाचे टोक असा आहे. सुश्रुताने ते काढण्याच्या रीती सविस्तर सांगितल्या. शल्यचिकित्सा हा शब्द तेथूनच आला.

इशींना वाचवणे पोप यांना जमले नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाकी राहिलेल्या माणसाचा शहराशी संबंध आला आणि क्षयाने त्यांना गाठले. 25 मार्च 1916 रोजी ते गेले. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला आणखी 27 वर्षे होती. चितेवर त्यांच्यासोबत त्यांचे धनुष्य आणि बाण ठेवले गेले. त्याआधी मात्र शवविच्छेदन झाले आणि मेंदू काढून ठेवला गेला. क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून पत्र लिहून विरोध केला होता, पण पोप यांनी ते थांबवले नाही. मित्राचा देह शास्त्रासाठी उघडण्याचा हक्क कोणी दिला, हा प्रश्न पोप यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. तो मेंदू इशींच्या नात्यातल्या जमातींकडे परत जायला 2000 साल उजाडले.

पोप यांनी इशींचा वैद्यकीय वृत्तांत 1920 मध्ये प्रसिद्ध केला. 1926 च्या ऑगस्टमध्ये, आफ्रिकेहून परतल्यावर वर्षभरातच, न्यूमोनियाने ते गेले. वय अवघे 50. पेनिसिलिन दोन वर्षांनी सापडले. गुरू आणि शिष्य दोघांनाही फुप्फुसाच्या जंतुसंसर्गानेच नेले.

मारेगाव परिसरातल्या कोलाम पोडांवर आज तीरकमठा दिसेल न दिसेल, क्षयाचा खोकला मात्र अजून ऐकू येतो. इशींना जे मिळाले नाही ते औषध आज सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा, आणि उपचार सुरू झाले तर ते पूर्ण करावेत.