प्लेगची लस आणि आगा खान यांची माझगावची हवेली

पुण्याचा आगा खान पॅलेस सगळ्यांना माहीत आहे. 1942 मध्ये गांधीजींना तिथे नजरकैदेत ठेवलं होतं, हे मुलंही सांगतात. पण तो बांधणारे सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगा खान, प्लेगच्या साथीत कसे वागले हे फारसं कुणी सांगत नाही. ते इस्माइली, आपल्यापैकी बहुतेक सुन्नी, म्हणूनही असेल.

त्यांचा जन्म 1877 चा, कराचीतला. वालिदांच्या इंतकालानंतर 1885 मध्ये, अवघ्या सात वर्षांचे असताना ते इस्माइली खोजा जमातीचे इमाम झाले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने घरांत घुसून झडत्या सुरू केल्या. पर्दा नाही, देवघर नाही, कशाचाच मुलाहिजा नाही. पुण्यात याच संतापातून जून 1897 मध्ये रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत मार्च 1898 मध्ये जुलाहा मोहल्ल्यात दंगल पेटली.

या धामधुमीत डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली होती आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण सरकारवरच भरवसा नाही, तर सुईवर कोण ठेवणार?

आगा खान तेव्हा विशीतले. माझगावची आपली मोठी हवेली, खुशरू लॉज, त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी फुकट वापरायला दिली. मग जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि तीही पुन्हा पुन्हा. त्यांच्या मागोमाग हजारो खोजांनी बाही वर केली.

तब्येत ज्याची त्याने सांभाळावी, हे खरंच. पण चाळीच्या एका खोलीत दहा जण राहणारा माणूस उंदीर-पिसवांपासून कुठे पळणार? लस बनवायला हवेली तो कुठून आणणार? हात पुढे करणं तेवढं त्याच्याकडे होतं, आणि ते त्याने केलं. आजही आमच्या ताम्हिणीकडून आजारी माणसाला पौडला, नाहीतर घाट उतरून माणगावला न्यायचं, तर आधी गाडीभाड्याची जुळवाजुळव करावी लागते. अशा घराला वेळेवर डॉक्टर का गाठला नाही, असं विचारणं सोपं असतं.

हवेलीतलं काम काही काळ चाललं. तोवर सरकारलाही लस पटली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि खर्च सरकारी तिजोरीवर आला. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

आगा खान यांचं 1957 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं. त्यांची कबर इजिप्तमध्ये, अस्वानला आहे.