ज्ञानतपस्वी डॉ. भांडारकर

पुण्यात नदीपलीकडे येरवड्याच्या परिसरात डेक्कन कॉलेजची भव्य दगडी इमारत आहे. पेशवाई संपल्यावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात एक संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटीत असत. त्या निधीतूनच तिचा खर्च चाले. पुढे पाठशाळेचे कॉलेज झाले आणि १८६४ साली त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. शास्त्री-पंडितांची जुनी विद्या आणि पाश्चात्त्यांची चिकित्सक दृष्टी यांचा तेथे संगम झाला. हा संगम ज्यांच्या ठायी पूर्णत्वास गेला, ते थोर पंडित म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. रत्नागिरीचे शिक्षण आटोपून रामकृष्ण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर तेही होते. शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी संस्कृत व्याकरणाचे कसून अध्ययन केले. सिंधमधील हैदराबाद व रत्नागिरी येथे ते मुख्याध्यापक झाले. मुलांना संस्कृत सुलभ व्हावे, म्हणून त्यांनी दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम काही काळ हंगामी म्हणून उत्तम रीतीने केले. तथापि १८७३ साली ती जागा युरोपातून आलेल्या पीटरसन यांस मिळाली. भांडारकरांस दुय्यम जागेवर काम करावे लागले. मनुष्य अशा वेळी खचून जातो. परंतु त्यांनी आपले अध्ययन क्षणभरही शिथिल होऊ दिले नाही. डेक्कन कॉलेजातील जर्मन पंडित कीलहॉर्न मायदेशी परतल्यावर १८८२ साली त्यांच्या जागी भांडारकरांची नेमणूक झाली.

पूर्वी ग्रंथ हातांनी लिहून काढीत. अशा असंख्य पोथ्या घरोघरी व मंदिरांतून धूळ खात होत्या. वाळवी लागून एखादी पोथी नष्ट झाली, की तिच्यातील ज्ञानही कायमचे लोपण्याची भीती असे. सरकारने पोथ्यांच्या शोधाचे काम हाती घेतले होते. त्यासाठी भांडारकर गुजरात-राजपुतान्यात हिंडले. पोथ्या मिळवून त्यांचे सविस्तर वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केले. शिलालेख, ताम्रपट व नाणी यांचे पुरावे जुळवून १८८४ साली त्यांनी दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. पुराव्यावाचून कोणतेही विधान करावयाचे नाही, मग ते कितीही प्रिय असो, हा त्यांचा बाणा होता. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टर ही पदवी अर्पण केली.

त्यांची सत्यनिष्ठा केवळ ग्रंथांपुरती नव्हती. विधवेचा पुनर्विवाह शास्त्रास मान्य आहे, असे त्यांचे मत होते. त्याची कसोटी त्यांच्या घरातच लागली. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. त्यापायी स्वकीयांचा रोष ओढवला. पण ते डगमगले नाहीत.

१८९३ साली ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जुलै १९१७ रोजी त्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी त्या संस्थेस देऊन टाकला. डेक्कन कॉलेजात ठेवलेला सरकारी पोथीसंग्रहही १९१८ साली तेथे आला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते कालवश झाले.

१९३४ साली बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. ज्या पोथ्या वाळवीच्या तोंडी पडावयाच्या, त्या आज जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहेत. डॉ. भांडारकरांचे याहून उचित स्मारक कोणते असणार!