नारायण मेघाजी लोखंडे : रविवारची सुट्टी आणि कारखान्याचा कायदा

रविवार आला की मुलं खुश असतात. पण ही सुट्टी कामगारांना कशी मिळाली, हे त्यांना क्वचितच माहीत असतं. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांची ओळख मुलांना नक्की करून द्या.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात काम केलं, मग मुंबईतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले. गिरणी कामगारांचे हाल त्यांनी तिथे रोज पाहिले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची हक्काची सुट्टी नाही, पगाराचा ठरलेला दिवस नाही. यंत्रात हात सापडला तर भरपाईची खात्री नाही.

लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक विचारांचे. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ वृत्तपत्राची जबाबदारी मुंबईत घेतली आणि कामगारांची दुःखं छापायला सुरुवात केली.

१८८१ साली भारतातला पहिला कारखाना कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीतलं मूल नऊ तास गिरणीत! मोठ्या माणसांसाठी तर तासांची मर्यादाच नव्हती.

१८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि अपघात झाल्यास मदत. त्यांनी स्थापन केलेल्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला भारतातली पहिली कामगार संघटना मानतात.

मागण्या मान्य व्हायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. विशेष म्हणजे दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषण केलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सुट्टी पक्की केली, दुपारची विश्रांतीही दिली आणि स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नाशीही नव्हतं. २००५ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

आता हे नंतरच्या कायद्याशी जोडून दाखवा. लोखंडे यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ साली, स्वतंत्र भारताचा कारखाना अधिनियम झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा होत्या :

१. इमारतीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा, नोंदणी करायची, परवाना काढायचा.
२. प्रौढ कामगाराला आठवड्यात ४८ आणि दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. जादा कामाला दुप्पट दराने पैसे.
३. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक सुट्टी.
४. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचं नाही.
५. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी, यंत्रांना संरक्षक जाळ्या.

२०२० साली संसदेने याबाबत नवी संहिता मंजूर केली आणि २०२५ मध्ये तिने या अधिनियमाची जागा घेतली. त्यामुळे पालकांपैकी कुणी लहान कारखाना काढणार असेल, तर किती कामगारांना कोणता नियम लागतो हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

परवाना म्हणजे नुसती कटकट, असं आपण सहज बोलून जातो. पण त्यातली बरीच कलमं कुणीतरी हात गमावल्यावर, कुणाचं तरी बालपण गिरणीत गेल्यावर लिहिली गेली आहेत. मुलांना एवढं समजलं, तरी हा पाठ सार्थकी लागला.

उपक्रम : घरातलं कुणी कारखान्यात कामाला असेल, तर त्यांना कामाची वेळ, विश्रांती आणि सुट्टी विचारून मुलांना पाच वाक्यं लिहायला सांगा.