पवनचक्कीतल्या पोराचे आभाळ

शेतकऱ्याइतकाच आभाळाकडे डोळे लावून बसणारा दुसरा माणूस म्हणजे पवनचक्कीवाला. वारा पडला की दळण थांबते आणि वादळाची चाहूल वेळेवर लागली नाही, तर चक्कीची पातीच मोडायची! इंग्लंडचा थोर निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल ११ जून १७७६ रोजी अशाच घरात जन्मला. सफोक परगण्यातले ईस्ट बर्गहोल्ट हे त्याचे गाव. वडील धान्याचे बडे व्यापारी. नदीकाठी पाणचक्की, शिवाय पवनचक्कीही. जॉनने वर्षभर चक्कीत कामही केले, पण मन रमले नाही. १७९९ मध्ये तो लंडनला रॉयल अकादमीच्या कलाशाळेत गेला. चक्की सुटली, आभाळ वाचायची सवय मात्र सुटली नाही.

१८०९ मध्ये गावच्या धर्मगुरूंच्या नातीवर, मारिया बिकनेलवर त्याचा जीव जडला. चित्रे विकली जात नाहीत असा जावई कोणाला हवा असतो? आजोबांनी नातीला वारशातून वगळण्याचा धाक घातला. दोघे सात वर्षे थांबली. १८१६ मध्ये जॉनचे वडील वारले, इस्टेटीतला वाटा हाती आला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लग्न झाले.

सुख आले, पण मारियाची छाती नाजूक. लंडनचा धूर तिला सोसेना. म्हणून १८१९ पासून हे कुटुंब शहराच्या उत्तरेला, हॅम्पस्टेडच्या टेकडीवर उन्हाळ्यात बिऱ्हाड करू लागले. बायकोसाठी शोधलेल्या त्या मोकळ्या हवेतच कॉन्स्टेबलला त्याचे आभाळ सापडले.

१८२१ आणि १८२२ ही दोन वर्षे तो अक्षरशः ढगांच्या मागे लागला होता. रंगपेटी मांडीवर, तिच्या झाकणात टाचलेला हातभर कागद, आणि वर पळणारे ढग. ज्यांनी तैलरंगात हात घातला आहे त्यांना यातली गोम कळेल. हा रंग लवकर वाळत नाही. ओल्या निळ्यावर पांढरा चढवताना कुंचला दोनदा जास्त फिरला, की ढगाचा चिखल झालाच! आणि रंग वाळेपर्यंत थांबावे, तर ढग कुठल्या कुठे. त्यामुळे सारा खेळ तासाभराचा. पहिल्या वर्षी तळाशी झाडांची एखादी पट्टी तरी असे. दुसऱ्या वर्षी तीही गेली, उरले नुसते आभाळ. ल्यूक हॉवर्डने ढगांना नावे देऊन तेव्हा वीसेक वर्षेच झाली होती. या नव्या शास्त्रावरचे पुस्तकही कॉन्स्टेबलच्या संग्रही होते.

त्याच्या लेखी आभाळ म्हणजे चित्रामागचा पडदा नव्हे. सगळा उजेड तिथूनच येतो, तेव्हा चित्राचा भावही तिथेच ठरतो, असे तो मानी. गिऱ्हाइकांना हे पटत होतेच असे नाही. सॉल्सबरीच्या बिशपांनी आपल्या कॅथीड्रलचे चित्र काढून घेतले, आणि वरचा काळा ढग त्यांना खुपला! पुढच्या आवृत्तीत त्याने आभाळ उजळ केले. स्नेह्याचा शब्द मोडवेना, दुसरे काय?

१८२४ मध्ये पॅरिसने ‘द हे वेन’ला सुवर्णपदक दिले. घरी मात्र मारियाचा क्षय बळावत होता. २३ नोव्हेंबर १८२८ रोजी, सात मुले मागे ठेवून ती गेली. अडीच महिन्यांनी अकादमीने त्याला पूर्ण सभासदत्व दिले, तेही एका मताच्या फरकाने. जिच्याबरोबर हा आनंद वाटून घ्यायचा तीच उरली नव्हती. पुढे आयुष्यभर त्याने शोकाचे काळे कपडे घातले. चित्रांतली आभाळेही भरून आली.

३१ मार्च १८३७ रोजी तो वारला. हॅम्पस्टेडलाच, मारियाशेजारी विसावला. ढगांचे कित्येक कागद घरीच पडून होते. १८८८ मध्ये मुलगी इझाबेलने त्यांतले बरेचसे लंडनच्या संग्रहालयाला दिले. अनेकांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपलेली आहे. ११ सप्टेंबर १८२१ च्या एका कागदामागे सकाळी दहा ते अकराची वेळ, रुपेरी करडे ढग, उकाडा आणि मंद वारा यांची नोंद सापडते. दिवस स्वच्छ गेला, पण रात्री पाऊस आला, हेही तिथे लिहिले आहे. म्हणजे चित्र संपवल्यावर, पाऊस पडून गेल्यानंतर, त्याने तो कागद पुन्हा हाती घेतला असणार.